अडून बसलेलं कॉफीयंत्र

मुलांनो, कल्पना करा, की कॉफीचं यंत्र आधी तुमची नाडी बघतं आणि ती ठीक वाटली तरच बिया दळतं.

सुहासमामाकडे तसंच एक होतं, एका वेळी एकच कप देणारं. त्या सकाळी त्यावर बोट टेकवून तो ताटकळला होता. लगेच गाडी काढून त्याला घाट उतरायचा होता.

"ग्राइंडरमध्ये भुकटी अडकली असणार. तू साफच करत नाहीस, रेवा!" यंत्राला चापट मारत तो भाचीवर करवादला.

"परवाच तर केला!" तरी रेवानं ग्राइंडर उघडला, ब्रशनं कानाकोपरा झाडला आणि पुन्हा बसवला. मामानं बोट टेकवलं. यंत्र गप्पच.

रेवाला चैन पडेना. बिघाड यंत्रात आहे की मामात? तिनं स्वतःचं बोट टेकवून पाहिलं. घर्रकन बिया दळल्या गेल्या.

"झालं की सुरू! सरक बघू," मामा हसला. पण त्यानं बोट ठेवलं आणि यंत्र पुन्हा गप्प झालं. त्याचं कपाळ घामानं डवरलं होतं.

"घाट काही पळून जात नाही, मामा," म्हणत रेवानं गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली आणि डॉक्टरांना फोन लावला.