पाण्यातला ठोका

येसूबाईंनी उजवा हात होडीवरून पाण्यात सोडला होता. मुशीला, म्हणजे लहान शार्कला, ज्या रसामुळे वाळूत दडलेल्या माशाची बारीक वीज पाण्यातून कळते, तो रस तळहातात भरून घेण्याची रीत बंदरावर आता जुनी झाली होती. आज मात्र त्या मासे शोधत नव्हत्या. सकाळी त्यांचे यजमान धर्माजी होडीतून पडले होते, आणि आता दुपार झाली होती.

"भावजी, थांबवा! ठोका लागला. हेच आहेत!"

काशिनाथने इंजिन बंद करून आपलाही हात पाण्यात घातला. "दादाच आहे, वैनी."

"मग बसलात काय? दोर सोडा! कालच्या भांडणावरून रुसून बसलेत खाली."

काशिनाथ हलला नाही. "ठोके नीट बघा, वैनी."

येसूबाईंनी डोळे मिटले. चाळीस वर्षं त्या छातीवर हात ठेवून त्या झोपल्या होत्या. ते काळीज कधी धावायचं, कधी अडखळायचं. म्हणून तर गेल्या वर्षी डॉक्टरांनी आत विजेचे ठोके देणारं यंत्र बसवलं होतं. हाताला लागणारे ठोके घड्याळासारखे एकसारखे होते. त्यांत भीती नव्हती, राग नव्हता. चालू होतं ते फक्त यंत्र.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "बॅटरी किती वर्षं चालते म्हणाले होते?"

"दहा."

काशिनाथ दोर घेऊन उठला.

"जरा थांबा, भावजी," त्या म्हणाल्या. "पाण्याबाहेर काढलं की हाताला काहीच लागणार नाही."