कपाटात कायम असलेलं पुस्तक

‘आवडत्या लेखकाला पत्र’ या शालेय स्पर्धेचे परीक्षक मुरलीधरपंत पत्रांचा गठ्ठा तपासत होते, पण नजर शोधत होती स्वतःचंच नाव. तेही लेखकच. त्यांची बालकादंबरी छापून जमाना झाला, वाचकाचं पत्र मात्र अजून यायचं होतं.

तळाशी एक सापडलं, सातवीतल्या शाल्मलीचं. पंतांनी चष्मा पुसून घेतला.

‘आजोबा, तुमचं पुस्तक मला सगळ्यात आवडतं. बाकीची चांगली पुस्तकं मुलं पळवतात. तुमचं कोणीच नेत नाही, म्हणून मला कधीही मिळतं. त्यातला भित्रा घोडा आता माझाच झालाय.’

पंत आधी गोरेमोरे झाले, मग पोट धरून हसले. बक्षीस समारंभात त्यांनी हेच पत्र वाचून दाखवलं. बक्षीस मात्र दुसरं दिलं. पहिलं दिलं असतं तर लोक बोलले असते.

कार्यक्रम संपताच शाळेच्या वाचनालयापुढे रांग लागली. सगळ्यांना भित्रा घोडा हवा होता. शाल्मली फुरंगटून पंतांसमोर उभी राहिली. “वाचून कशाला दाखवलंत? आता माझा नंबर कधी लागणार?”

पंतांनी पिशवीतली स्वतःची प्रत तिच्या हातात ठेवली. “घे. आणि जरा बाजूला हो, रांग दिसत नाहीये.”