पूर्वेची भिंत

मॅडमनी तिसऱ्यांदा नकाशा परत केला. त्यावर लाल पेन्सिलीची एक रेघसुद्धा नव्हती. विचारला तो फक्त जुनाच प्रश्न.

"कुणाच्या घरात जाऊन आलीस?"

"मॅडम, मापं सगळी बरोबर आहेत."

"मी मापांचं विचारलं नाही."

तिने कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि बाहेर पडताना दार जरा जोरातच ओढलं. वास्तुकला शिकायला ती सहा महिन्यांसाठी परदेशात आली होती. त्यातले पाच आठवडे या एका इमारतीने खाल्ले होते. युद्धात बेचिराख झालेल्या वस्तीत नंतर उभी राहिलेली, चार मजल्यांची, चोवीस घरांची काँक्रीटची इमारत. अभ्यासाच्या प्रत्येक पुस्तकात या इमारतीचा फोटो होता, कारण तिची पूर्वेकडची अख्खी भिंत कोरी होती. खिडकी नाही की झरोका नाही. पुस्तकं त्याला 'धाडसी मौन' म्हणत. तिच्या मते ती शुद्ध चूक होती. त्या भिंतीला लागून चोवीस स्वयंपाकघरं होती, आणि सगळी अंधारी. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या इमारतीत एक सुधारणा सुचवायची होती. तिने चोवीस खिडक्या सुचवल्या होत्या. यात चुकलं काय, हे मॅडम सांगायला तयार नव्हत्या.

रस्त्यातूनच तिने घरी फोन लावला. बाबा गवंडी. तीस वर्षं लोकांची घरं बांधण्यात गेलेली.

"पूर्वेला खिडकीच नाही?" ते म्हणाले. "नकाशा काढताना झोपला होता का तो?"

"बघा ना! तुम्हाला कळतं ते इथल्या पंडितांना कळत नाही."

बाबा हसले. तिला मात्र रडू यायच्या बेतात होतं. परवा सादरीकरण. वर्गातल्या बाकीच्यांचं काम कधीच संपलं होतं, ते गावभर भटकत होते. आता मॅडमना हवंच आहे तर जाऊन येऊ एकदा कुणाच्या तरी घरात, म्हणजे विषय मिटेल, असं मनात म्हणत ती तरातरा इमारतीपाशी आली.

पहिल्या तीन दारांमागून उत्तर आलं नाही. चौथ्यातल्या माणसाने तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. दुसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. नव्वदीच्या पुढच्या असतील. तिची मोडकीतोडकी भाषा त्यांनी शांतपणे ऐकली आणि थेट स्वयंपाकघरात नेलं.

सकाळचे अकरा वाजले होते आणि दिवा जळत होता. ती मनातून सुखावलीच. तिने टेबलावर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर कप ठेवले.

"ही बघा आजी, तुमची खिडकी. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येईल."

आजींनी चष्मा लावला. एकेका खिडकीवरून बोट फिरवलं.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "त्यानेही चोवीसच काढल्या होत्या."

"कुणी?"

"ज्याने इमारत बांधली त्याने. नकाशा दाखवायला आला होता आम्हाला. आम्ही चोवीस जणींनी त्याला त्या खोडायला लावल्या. बिचारा अगदी रडकुंडीला आला होता."

"पण का?"

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. "ही घरं आम्हाला का मिळाली, ते पुस्तकात नाही लिहिलेलं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"या भिंतीपलीकडे कारखान्याचं आवार होतं. युद्धात एका सकाळी आमच्या नवऱ्यांना तिथे रांगेत उभं केलं. गोळ्या घातल्या. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते." आजींनी ओट्यावरचं ओलं फडकं उचललं, पिळलं, परत ठेवलं. "रोज भांडी घासताना तेच बघायचं होय?"

पाच आठवडे ती या भिंतीवर चिडली होती, मॅडमवर चिडली होती. तो सगळा राग आता फिरून तिच्याच अंगावर आला. एकदासुद्धा जिना चढून वर यावंसं वाटलं नव्हतं तिला. तिने दप्तरातून खोडरबर काढलं आणि वरून सुरुवात केली. चौथा मजला. तिसरा मजला. एका जागी कागद टरकला. तरी ती खोडत राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच खिडक्या गेल्या.

सहाव्या खिडकीशी आजींचा हात तिच्या हातावर आला.

"ही राहू दे."

"पण आजी, तुम्हीच तर..."

"बाकीच्या सगळ्या गेल्या गं. मी एकटीच उरले." आजी भिंतीकडे बघत होत्या. "त्या बाजूला मी कधी फिरकलेच नाही. आता तर जिनाही उतरवत नाही. दोन वर्षांपूर्वी तिकडे शाळा झाली म्हणे. मधल्या सुट्टीत पोरं नुसता दंगा घालतात. एकदा बघू दे मला."