फार सोपा प्रश्न

"दोरी, चमचा, घोडा," सर म्हणाले. परीक्षकाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे, अशी चाचणीची सुरुवात असे. इथे उत्तर आधी आलं. परीक्षकाने मुकाट्याने पूर्ण गुण दिले. न देऊन सांगतो कोणाला? बुद्धी मोजायची ही चाचणी सरांनीच तयार केली होती. देशभर तीच वापरत, आणि परीक्षकाला ती शिकवली होती तीही सरांनीच.

शेजारच्या खुर्चीत सरांच्या पत्नी, काकू, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. मनगटावर काळानिळा वळ होता.

आत येण्यापूर्वी त्यांनी परीक्षकाला दारातच गाठलं होतं. "घरी हे रोज सकाळी माझी परीक्षा घेतात रे. समोर बसवतात, गोड बोलतात. नापास झाले की खोलीत कोंडतात. रोज नापास होते."

"त्यांच्या हाताखाली मीही एकदा नापास झालोय, काकू. चाचणीतल्या त्या त्रिकोणांनी भल्याभल्यांना रडवलंय."

काकू हसल्या. हसू ओठांवरच राहिलं. "तू फक्त त्यांना नापास कर. मग इथल्या वॉर्डात ठेवून घेतील ना?"

घेतील. गुण ठरलेल्या रेषेखाली गेले तरच. ती रेषाही सरांनीच आखलेली.

परीक्षकाने पुढचा कागद उचलला.

"डावीकडून तिसरा," सर म्हणाले. कागद अजून उलटाच होता. "आणि तू घड्याळ सुरू करायला विसरलास."

परीक्षकाने घड्याळ सुरू केलं. सर एकामागून एक उत्तरं देत गेले, एकसुरी आवाजात, पापणी न हलवता. रिकाम्या घरात रेडिओ चालू राहावा तसं. शेवटची काही उत्तरं परीक्षकाने नुसतीच लिहून घेतली आणि मग त्यांचे प्रश्न शोधले.

बेरीज झाली. पैकीच्या पैकी. असे गुण आजवर कोणालाच पडले नव्हते. सरांनी हात पुढे करून कागद घेतला, बेरीज तपासली आणि समाधानाने मान हलवली. काकूंनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

परीक्षकाने चाचणी बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या मनाचा प्रश्न विचारला.

"सर, तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

सर पहिल्यांदाच थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला. वर्गात कोणी चांगली शंका विचारली की उजळायचा, तसाच.

"शाब्बास! पहिल्या खर्ड्यात होता हा प्रश्न. मी काढून टाकला. फारच सोपा. जो प्रश्न सगळ्यांनाच येतो, त्यातून काही मोजता येत नाही."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. मंद विद्यार्थ्याकडे पाहावं तशी नुसती कीव होती. मग ते परीक्षकाकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"या बाईंना मात्र तोही येत नाही. रोज सकाळी विचारतो, तुम्ही कोण? रोज तेच चुकीचं उत्तर देतात."