गोदा काही बोलेना

माणूस आणि प्राणी यांच्यातली युगानुयुगांची भिंत आता कायमची कोसळली आहे, असं प्राणिउद्यानाच्या दारावर कोरलं होतं. आतलं कुंपण मात्र दोन फुटांनी वाढवलं होतं, कारण लोक गप्पा मारायला फारच वाकत.

प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात त्याचं बोलणं मराठीत ऐकवणारा पट्टा होता. माकडं केळ्यावरून इतकी सुरेख भांडली की दिगूमामांची भाचरं हसून हसून खाली बसली. गोदा अस्वलीण मात्र गप्प.

"गोदाताई, नाव सांगा बरं आपलं," मामा म्हणाले. "बरं, गाणं? दोनच ओळी! ती माकडं बघा कशी घडाघडा बोलतात!"

गोदाने पाठ फिरवली.

"लाजतेय," मागच्या आजीबाई म्हणाल्या. "एरवी तोंड मिटत नसेल."

भाचरांतल्या आठ वर्षांच्या शर्वाणीचे कान लाल झाले. गेल्या रविवारी पाहुण्यांपुढे मामांनी तिला अगदी हेच सगळं करायला लावलं होतं. गोदाशी बोलायचं म्हणून तर तिने इथे यायचा हट्ट धरला होता. पण आता ती काहीही न विचारता कुंपणाला टेकून नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने गोदा सरकत सरकत तिच्याजवळ आली. पट्टा खरखरला.

"शांत! इतिहास घडतोय," म्हणत मामांनी मोबाइल उंच धरला.

"पोरी," गोदा हळूच म्हणाली, "या मामांना जरा चहाला पाठवतेस का?"