शेळीचा होकार

पुजाऱ्यानं घागरीत हात बुडवला, तशी मेलिटानं कडेवरचं बाळ सावरून त्याच्या मुठीवर नजर रोखली. तिला या माणसाचा भरवसा नव्हता. थंड पाणी डोक्यावर पडलं की जनावर मान हलवतं. तोच त्याचा होकार, मग सुरी. गेल्या सणाला यानंच शेजारणीच्या बोकडाच्या कानात पाणी ओतलं होतं. मेल्याला मटणाचा वाटा हवा असतो!

मुलगा समुद्रावरून सुखरूप परतावा म्हणून सासूनं समुद्रदेव पोसायडनला शेळीचा नवस बोलला होता. तो परतला. पण मेलिटाचं दूध आटलेलं. बाळ या शेळीवरच जगत होतं.

पुजाऱ्यानं हात उचलून शेळीच्या डोक्यावर झटकला. शेळी ढिम्म.

"पुन्हा शिंपडा की, बाबा," सासू वेदीपलीकडून म्हणाली.

त्यानं पुन्हा हात उचलला. शेळी आपली रवंथ करत उभी.

"दोनदा विचारलं, आजी. देव नको म्हणतो. मधाची पोळी वाहा, नवस फिटला."

"देवानं मटण कधीपासून सोडलं?" पुटपुटत सासू पोळी आणायला वळली.

मेलिटालाही पटेना. मटणावर पाणी सोडणारा हा माणूसच नव्हे. दोर सोडताना तिनं शेळीच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे ठणठणीत! तिनं चमकून वर पाहिलं. पुजाऱ्याचं वस्त्र कोपरापासून खाली चिंब भिजलं होतं, आणि तो बाळाकडे बघून हसत होता.

देवाचं स्तोत्र सुरू झालं. इतका वेळ ओठ मिटून उभ्या असलेल्या मेलिटाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला.