दाबायची घंटी

हेडफोन घ्यायला आलेल्या बाईंनी रंग विचारला नाही, बॅटरी विचारली नाही. पर्समधून टेबलावर ठेवतात तसली दाबायची घंटी काढून सरळ सेल्समनपुढे ठेवली. “मी गाणं लावते, तुम्ही मागून वाजवा.” पहिल्या हेडफोनला त्यांनी लगेच नाक मुरडलं, “येतंय ऐकू.” दुसऱ्यालाही तेच. इतकं चोखंदळ गिऱ्हाईक पाहून सेल्समनला चेव आला. तिसऱ्या वेळी त्यानं घंटी अशी बडवली की आतल्या खोलीतून मालक “आलो, आलो!” करत धावले, बाई मात्र डोळे मिटून ताल धरत होत्या. “हाच द्या,” त्या खुशीत म्हणाल्या. “घरी ही फारच वाजते का हो?” सेल्समननं हसत विचारलं. “दिवसभर!” बाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांची वाचा गेली ना, एक बोट तेवढं चालतं.” सेल्समनचं बोट घंटीवरच थिजलं. त्याखालून ती ओढून घेत बाई म्हणाल्या, “उरका लवकर, बिचारे सकाळपासून घंटीशिवाय पडलेत.”